लालीच्या अंगावरची रेघ

त्या लाल गाडीच्या नाकाडावर मासळीची पाटी मीच ठेवली. तेव्हा नाकारलं नाही, मग आज कशाला नाकारू?

साल अठ्ठावन्न. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. मी रेवदंड्याच्या कोळीवाड्यातून चौलला मासळी विकायला निघाले होते. सकाळची वेळ, पोफळींमधून कोवळं ऊन पट्ट्यापट्ट्यानं रस्त्यावर उतरलेलं. डोक्यावर मांदेली-कोलंबीनं भरलेली पाटी, मान पार अवघडलेली. वळणावर बघते तर कडेला ही उभी. लाल. नुसती लाल नव्हे... नवरीच्या शालूसारखी लाल! पुढचं नाक लांबच लांब, बसायला दोनच जागा, वर छप्पर नाही. आत माणूसही नाही. मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. कमरेएवढं उंच, गुळगुळीत नाकाड. पाटी टेकवायला देवानंच घडवलेलं. टेकवली.

आणि गाडीखालून किंकाळी आली.

"उचल! उचल ती पाटी! अगो, खारं पाणी गळतंय तिच्या अंगावर!"

आधी दोन पाय दिसले, मग काळं झालेलं सदऱ्याचं टोक, मग कुरळ्या केसांचं डोकं. असा सरपटत बाहेर आला, जणू घरात कोणाचा जीव जातोय. मी घाबरून पाटी ओढली. बांबूची ती, कर्रकन् आवाज झाला.

आता मी तेव्हा एकोणीस वर्षांची. डोईला अबोलीची वेणी, नाकात चमकी. मी वाटेनं गेले की आमच्या वाड्यातल्या पोरांच्या हातातलं जाळं विणायचं थांबायचं. आणि हा माणूस माझ्याकडं ढुंकूनही बघेना! डब्यातलं गोडं पाणी तिच्या नाकावर ओतलं, मऊ फडक्यानं टिपलं, वर फुंकर घातली. फुंकर! लागलेल्या लेकराला घालावी तशी.

"ही बघ," तो म्हणाला. उजव्या दिव्याखाली बोटभर लांब, केसाएवढी बारीक रेघ उमटली होती. "रेघ पडली."

"मग काय झालं? माणसाच्या अंगावर पडत न्हाय का?"

"माणसाचं आपोआप भरून येतं. हिचं मला भरावं लागतं."

"का? तू लग्नाचा घो लागून गेलास हिचा?"

तेव्हा कुठं त्यानं वर बघितलं. बघितलं ते... थोडं जास्तच वेळ बघितलं. मग हसला. गालावर तेलाचा डाग आणि त्या डागाखाली खळी.

"घो न्हाय. पुसणारा. हिला धुतो, पुसतो, चकाकी आणतो. लागली तर चालवतोही. लाली तशी गुणाची हाय."

"लाली कोण?"

"ही."

मी पाटी डोक्यावर घेतली. "माझं नाव विचारायच्या आधी तिचं सांगितलंस. ऱ्हाऊ दे मग," म्हटलं आणि चालू लागले. मागं वळून पाहिलं नाही. म्हणजे... एकदाच पाहिलं. तो रेघेवर बोट फिरवत बसला होता.

त्या दिवशी मी मांदेली कोणाला किती दिली, देवाला ठाऊक.

*

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या अंगणात हाच उभा.

माझे बाबा अंबाजी तांडेल. आई माझ्या लहानपणीच गेलेली, घरात मी आणि बाबा दोघंच. मुशीचं, म्हणजे लहान शार्कचं, काळीज कढवून तेल काढावं तर आमच्या घरी, असं नाव होतं. होडीच्या तळाला ते चोपडलं की खाऱ्या पाण्यात लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. आईमागं ते तेल मी कढवायचे. वास विचारू नका. पण तेल मधासारखं स्वच्छ.

"अंबाजीकाका, मुशीचं तेल पायजे होतं," तो म्हणाला.

"देऊ की. होडी केवढी?"

"होडी न्हाय. गाडी."

बाबांच्या तोंडातली विडी गळून पडली. मी आतून, कुडाआडून, हसू दाबत ऐकत होते.

मग त्यानं सगळं सांगितलं. नाव अनंता. मुरुडचा, आमच्याच जातीचा. बाप होडीसकट बुडाला, तेव्हा आईनं त्याला मुंबईला मामाकडं धाडला. तिथं मोठ्या लोकांच्या गाड्या साफ करायच्या एका गॅरेजात तो वाढला. इटलीच्या, जर्मनीच्या, विलायतेच्या गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या. आता चौलच्या वाडीत एका पारशी शेठचा बंगला होता, तिथल्या तीन गाड्या सांभाळायला शेठनं त्याला वर्षभरासाठी आणला होता. एक हिरवी, एक पांढरी, आणि तिसरी ती बया.

"खारा वारा लोखंड खातो, काका. एक गाडी बघितली मुंबईत. वरून आरसा, खालून चाळण! तेव्हा मला बापाची होडी आठवली. तेलानं लाकूड वाचतं, तर पत्रा का वाचू नये?"

"कोळ्याचं पोर," बाबा म्हणाले, "दर्या सोडून गाड्या पुसतं. बापानं बघितलं असतं तर पुन्हा बुडाला असता." पण हे म्हणता म्हणता त्यांनी मला हाक मारली, "केसर, तेल आण गो!" बाबांना डोकं चालवणारा माणूस आवडायचा.

मी बुधला घेऊन बाहेर आले. तो बघतच राहिला.

"केसर व्हय..." हळूच म्हणाला.

"न विचारता कळलं न्हाय? आता जा. लाली वाट बघत असेल."

त्यानंतर दर आठ दिवसांनी तो तेलाला यायचा. पुढं चार दिवसांनी यायला लागला. एवढं तेल आमच्या बारा हाताच्या होडीला लागत नव्हतं!

"पितो काय रं तुझी गाडी?" मी विचारायचे.

"तिला तुझ्या हातचं चढलंय."

"तिला का तुला?"

"मला तर वासही सोसत न्हाय..." म्हणायचा आणि तिथंच, कढईजवळ, तासभर बसून राहायचा.

पण बोलायचा कोणाबद्दल? तिच्याबद्दल! लालीला उन्हात धुवायची नसते. लालीला विहिरीचंच पाणी लागतं. लालीच्या चाकाच्या तारा एकेक करून बोटानं पुसाव्या लागतात. काल चौलच्या सरळ रस्त्यावर तिला सोडली तेव्हा पोफळी कशा भिंतीसारख्या दोन्ही बाजूंनी पळाल्या, आणि पायाखाली ती कशी गुरगुरली... हे सांगताना त्याचे डोळे असे व्हायचे की मला कढईतला डाव त्याच्या डोक्यात घालावासा वाटे.

"एकदा बसून तर बघ तिच्यात," तो म्हणाला.

"सवतीच्या मांडीवर बसायची वेळ माझ्यावर आली न्हाय अजून."

म्हणून गेले मी हे! जीभ चावली. तो हसला नाही. तेलाचा बुधला उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"केसर... तुझं एखादं जुनं लुगडं हाय का? धुवून धुवून मऊ झालेलं?"

एखादा पुरुष बाईचं लुगडं मागतो म्हणजे... जवळ ठेवायला, उशाला घ्यायला, दुसरं कशाला? मी माझं हिरवं लुगडं काढलं, चार वर्षं नेसलेलं. घडीत बकुळीची ओंजळभर फुलं घातली. मान खाली घालून दिलं. त्यानं दोन्ही हातांनी घेतलं.

दोन दिवस मी जमिनीवर चालले नाही. तिसऱ्या दिवशी मुद्दाम बंगल्यावरून मासळी घेऊन गेले.

माझ्या लुगड्याचे चार तुकडे झाले होते. एक लालीच्या नाकावर, एक पाठीवर, एक दारावर वाळत. आणि चौथ्यानं हा गृहस्थ तिचं अंग चोळत होता. गोल गोल. हळूहळू. गाणं गुणगुणत.

"माझं लुगडं!"

"व्हय! काय मऊ हाय गो!" तो खुशीत म्हणाला. "मुंबईत सायबाच्या गाडीला कातडं वापरतात, मऊ केलेलं. त्यालासुद्धा ही सर न्हाय. नवं कापड ओरखडे काढतं. चार वर्षं बाईमाणसानं नेसलेलं लुगडं, त्याच्यासारखं काय न्हाय!"

"माझ्या आईनं मला एवढं चोळून न्हाऊ घातलं न्हाय," मी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं, असं मी आजही सांगते; फक्त तिथं धूर नव्हता. "आणि फुलं? ती पण घासलीस तिला?"

त्यानं सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. "फुलांनी गाडी पुसत न्हाईत," एवढंच बोलला.

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. रागात माणसाला गोड गोष्ट ऐकूच येत नाही, हा माझा जन्माचा दोष. शिवाय माझं लक्ष दुसरीकडंच गेलं होतं. मी पुढच्या बाजूला गेले तर हा लगबगीनं उजव्या दिव्यापुढं येऊन उभा राहिला. दिव्यावर फडकंही टाकलेलं होतं.

"तिकडं काय झाकतोस?"

"काय न्हाय. मेण सुकतंय."

"आणि ती रेघ?"

"गेली कधीच!"

पण माझ्याकडं न बघता म्हणाला. मी मनात म्हटलं, लपवतोय काहीतरी. कोणा बाईचं नाव कोरलंय की काय तिथं?

*

बाई आलीच. दिवाळी झाल्यावर.

शेठची भाची, मुंबईची. केस मानेपर्यंत कापलेले, विजार घातलेली, डोळ्यांवर काळा गॉगल. नाव पिलू. आली तेव्हापासून लालीतच! शेजारी अनंता. तिला गाडी शिकवायचा म्हणे. आमच्या वाड्यावरून दोघं भर्रकन् जायची. तिच्या गळ्यातला पातळ रुमाल उडायचा तो नेमका ह्याच्या गालावर, जिथं खळी पडते तिथं.

माझी मैत्रीण जनी. मासे सुकत घालताना म्हणाली, "केसर, तुला एक सवत होती ती निदान पत्र्याची होती गो."

मी तिच्यावर बोंबलाची जुडी फेकली. जनी वाकली आणि जुडी गेली कावळ्यांना.

त्या आठवड्यात अनंता तेलाला आला तेव्हा मी उठले नाही. "ते बघ कोपऱ्यात. घे आणि जा."

"रागावलीस?"

"मी कोण रागावणारी? मी गॉगल लावत न्हाय, मला विजार न्हाय, माझ्या अंगाला सेंटचा वास न्हाय. मुशीचा हाय."

"मला तोच..." तो थांबला. मान खाजवली. "केसर, ऐक तरी. मुंबईत गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरणार हाय. सगळ्यात नीट राखलेल्या गाडीला बक्षीस. शेठ मुंबईतच हायत, ते तिकडं भेटतील. येत्या शुक्रवारी लालीला न्यायचं. मी चालवणार, पिलूबाई शेजारी बसणार."

"किती वेळ?"

"धरमतरची खाडी धरून... अख्खा दिवस."

अख्खा दिवस! दोनच जागा, वर छप्पर नाही, आणि तो रुमाल. पुढं तो काहीतरी सांगत होता, "तिकडून आलो की तुझ्या बापसाला..." असं काहीसं. माझ्या कानात नुसता भर्र आवाज.

गुरुवारी दुपारी तो विहिरीवर पाणी भरायला गेला, तेव्हा मी बंगल्याच्या मागच्या दारानं आत शिरले. पदराखाली अर्धवट सुकलेल्या मुशीचा वीतभर तुकडा. ज्यांना मुशी माहीत नाही त्यांनी एवढंच समजावं की अर्धी सुकलेली मुशी उन्हात तापली तर मांजरही रस्ता बदलतं. डाव्या बाजूची गादी पिलूबाईंची. तिच्या खाली, पार आत, फटीत तुकडा सारला. लालीला म्हटलं, "बस आता नटून."

जाताना वाटलं, ती माझ्याकडं बघून हसतेय.

*

शुक्रवारी सकाळी लाली आमच्या वाड्यावरून एक चक्कर मारून गेली. पिलूबाईंचा रुमाल अजून गळ्यातच होता. मी मनात म्हटलं, नागावच्या पुढं नाकावर येईल! इतक्या आनंदात मी कधी मासे सुकत घातले नव्हते. गाणं म्हणत होते.

बाबा जाळ्याला गाठी मारत बसले होते. म्हणाले, "गा, गा. त्या पोराला यश येऊ दे म्हणजे झालं."

"कोणाला?"

"अनंताला. काल रात्री आला होता, तू शेजारच्या मनुबाईकडं गेली होतीस तेव्हा. शेठनं त्याला शब्द दिलाय. लालीला बक्षीस मिळालं तर हितंच बंगल्यावर कायमचा ठेवणार. न्हाय मिळालं तर वरीस संपलं की परत मुंबईला. तर म्हणतो कसा... काका, हितं राहिलो तर केसरला द्याल?"

माझ्या हातातली मासळी खाली पडली.

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, गाड्या पुसणाऱ्याला पोरगी द्यायची तर तो निदान त्यात तरी पयला पायजे. पयलं बक्षीस घेऊन ये, मग उंबऱ्यात पाय ठेव. तांडेलाचा शब्द हाय, बदलायचा न्हाय." बाबा गाठ आवळत म्हणाले. "अगो, अशी पांढरी का पडलीस?"

म्हणजे माझं लग्न मी माझ्या हातानं त्या गादीखाली कोंबलं होतं. वीतभर तुकड्यात.

रडायला वेळ नव्हता. मी कोळ्याची पोर, भरती-ओहोटी मला पाठ. आदल्या दिवशी पुनव झालेली. म्हणजे खाडी भरायला बारा वाजून जाणार. तेव्हा धरमतरला पूल नव्हता; दोन मोठ्या होड्या एकाला एक बांधून वर फळ्या टाकलेल्या, त्यावर गाडी चढवून पलीकडं न्यायची. आणि पाणी भरल्याशिवाय गाडी चढवता येत नसे. लाली कितीही पळाली तरी बारापर्यंत तिला काठावर थांबणं भाग. एस. टी.पेक्षा ती वेगवान असेल, पण दर्या माझ्या बाजूचा होता.

"बाबा, मी येते," म्हटलं आणि होत्या त्या लुगड्यानिशी स्टँडवर पळाले. एस. टी.नं अलिबागला गेले, तिथून दुसरी धरली. बस प्रत्येक वडाखाली थांबायची आणि मी प्रत्येक वेळी कंडक्टरच्या सात पिढ्या उद्धरायचे. शेवटी तो म्हणाला, "बाई, तुम्हीच चालवा."

*

धरमतरला उतरले तेव्हा पाणी अजून चढत होतं. काठावर लाल काहीतरी चमकलं. पिलूबाई लांब चिंचेखाली बसल्या होत्या, नाकाला तोच रुमाल. आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले.

पहिल्या दिवसासारखेच.

पुढं, उजव्या दिव्यापाशी, पॉलिशचा डबा उघडा पडला होता, शेजारी माझ्या हिरव्या लुगड्याचा तुकडा. काम अर्धवट टाकून माणूस खाली शिरला होता. मी वाकून बघितलं. तो तळाचं तेल खरवडून काढत होता. माझं तेल. एकेक थर.

"काय करतोस?"

त्याचं डोकं पत्र्यावर आपटलं. "केसर? तू... हितं?"

"तेल का पुसतोस?"

"वास येतोय गाडीला. पेझारीपासून. बाईंना दोनदा उलटी झाली. त्या म्हणतात मुशीच्या तेलाचाच हाय." तो कपाळावरचं तेल पुसत म्हणाला, "तेल माझ्या डोक्यातून निघालं, चूक माझीच. पण केसर, अशा वासानं बक्षीस... आणि बक्षीस न्हाय तर..."

पिलूबाई उठून आल्या. गॉगल काढला, डोळे रडून लाल झालेले. "आ गंदा तेल!" म्हणाल्या. "कोण देते तुला हे गंदा तेल?"

बघा. मला गप्प बसता आलं असतं. तेलावर गेलं असतं सगळं, मी सहीसलामत सुटले असते. पण आमच्या घरच्या तेलाला गंदं म्हणायचं? आईमागं मी कढवलेल्या तेलाला?

"ओ बाई!" मी पदर खोचला. "माझं तेल गाळलेलं असतं, त्याला असला वास येत न्हाय. हा वास तेलाचा न्हाय. अर्ध्या सुकलेल्या मुशीचा हाय. ती तुमच्या गादीखाली हाय. आणि ती... मी ठेवलीय."

अनंता गाडीखालून पुरा बाहेर आला.

"का?" पिलूबाईंनी विचारलं.

"तुम्ही ह्याच्याशेजारी बसू नये म्हणून."

एवढं बोलले आणि कान तापले. अनंताकडं बघायची हिंमत होईना. मी खाली बघत होते. त्याचे पाय तेवढे दिसत होते. ते हलत नव्हते.

पिलूबाईंनी माझ्याकडं बघून कपाळावर हात मारला. "अरे बावा! तू केसर? आ माणस चौलपासून बोलते ते केसर? केसरचा तेल, केसरचा लुगडा, केसरचा हात कसा चालते... माझा माथा खाऊन टाकला! मी शेजारी बसते, पण मने एक शब्द बोलायला देत नाय!"

मी हळूच मान वर केली. अनंता कानापर्यंत लाल झाला होता. लालीपेक्षा.

"उभे काय राहते?" पिलूबाई ओरडल्या. "भरती येते! धुवा!"

मग आम्ही धुतलं. मुशी मीच काढून खाडीत फेकली. चहावाल्याकडून लिंबं आणली, त्याच्याच चुलीवर पाणी कोमट केलं. कोळिणीला मासळीचा वास घालवता आला नाही तर तिनं लग्नाला जावं कसं? "कातडं हाय, बेतानं," अनंता म्हणायचा. "मला शिकवू नको," मी म्हणायचे. फडकी कमी पडली. मी नेसत्या लुगड्याचा पदर टर्रकन् फाडला आणि त्याच्या हातात दिला. ह्या वेळी कशासाठी देतेय ते मला ठाऊक होतं. एका बादलीत चार हात. शेवटी खोबरेल चोळलं, गादीला जीव आला.

तेवढ्यात होडीवाल्यांनी हाक दिली. पाणी भरलं होतं.

"मी उभी राहते, हवा खाते," पिलूबाई म्हणाल्या. "तू बस. बघ वास गेला की नाय."

अशी मी सवतीच्या मांडीवर बसले.

अनंतानं लालीला फळ्यांवरून वर घेतलं आणि इंजिन बंद केलं. होड्या सुटल्या. आता त्याला काही करायचं नव्हतं; हात उगाच चाकावर, गाडी पाण्यावर डुलतेय. खाडीचा वारा, लिंबाचा वास.

"रागावलास?" मी विचारलं.

"व्हय."

"किती?"

"पलीकडच्या काठापर्यंत." मग पुढं बघतच, "बापूस तुझा कडक हाय, केसर. पयलं न्हाय मिळालं तर...?"

माझा हात लालीच्या गादीवर होता. त्याचाही तिथंच होता. दोघांच्या मध्ये दोन बोटांची जागा होती... काठ येईपर्यंत तीही राहिली नाही.

त्याच होड्यांनी मी परतले.

*

पाचव्या दिवशी तो आला. हातात चांदीचा पेला, तोंड उतरलेलं. उंबऱ्याबाहेरच थांबला.

"दुसरं," म्हणाला. "शेठ खूश हायत. चौलला कायम केलं मला. पण... दुसरं."

बाबांनी पेला बघितला. "मी पयलं म्हटलं होतं."

"व्हय काका. म्हणून आत आलो न्हाय. नुसतं सांगायला आलो." तो वळला.

माझ्यानं राहवेना. "बाबा, पयलं माझ्यामुळं गेलं! मी गादीखाली मुशी दडवली होती. वास राहिला असेल. त्याचा दोष न्हाय."

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. पण अनंताच मागं फिरला. "वासाचा काय संबंध? परीक्षकानं आत डोकं घालून हुंगलं, वा म्हणाला, लिंबाचा बाग! वासानं न्हाय गेलं."

"मग?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"बोल की रं!" बाबा ओरडले.

"उजव्या दिव्याखाली रेघ हाय. पाटीची. परीक्षकानं भिंग लावलं न् सापडली."

"पण तू तर म्हणालास, गेली कधीच!" मी म्हटलं.

"अर्ध्या दिवसाचं काम होतं. घासली न्हाय." आता तो माझ्याकडं बघून बोलत होता. "लालीवर मी माशीसुद्धा बसू देत न्हाय. पण ती रेघ तुझी होती, केसर. रोज वाटायचं, उद्या काढू. धरमतरला पॉलिश उघडून बसलो होतो, शेवटी काढूच म्हणून. तेवढ्यात त्या वासानं खाली जावं लागलं. मग तू आलीस... आणि मग माझा हातच होईना."

अंगणात कढईखालचं लाकूड तडकलं. ज्या बयेसाठी मी सहा महिने जळले, तिच्या अंगावर त्यानं मला झाकून ठेवलं होतं. माझ्यापासूनच.

बाबांनी पेला उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. म्हणाले, "एकीनं मुशी दडवली, एकानं रेघ दडवली. असले दोन चोर दोन घरांत ठेवण्यापेक्षा एका घरात ठेवलेले बरे. ये आत. आणि शब्द मी बदलला असं गावात बोललास तर बघ. पयलं मिळणारच होतं, ते तुम्हीच घालवलंत. मी ते मिळाल्यात धरतो."

अनंतानं उंबऱ्यात पाय ठेवला. खिशातून रुमाल काढून घाम पुसायला गेला, तर त्यातून सुकलेली बकुळ सांडली. ओंजळभर.

माघात लग्न झालं. वरातीला शेठनं लाली दिली, पिलूबाईंनी स्वतः चालवायला घेतली. अनंता दार उघडून उभा राहिला. "बस."

मी लगेच बसले नाही. आधी पुढं गेले, वाकले, आणि उजव्या दिव्याखालच्या रेघेवर माझ्या हळदीचं बोट लावलं.

थोरल्या सवतीला मान द्यावाच लागतो. तेवढा दिला. बोटभरच.